आपण खेळायला जातो, परीक्षा द्यायला नाही

(युवा क्रीडा शिबिराच्या समारोपात केलेलं भाषण)

 

दोस्तांनो आणि बहिणींनो,

बक्षिसं वाटण्याआधी एक साधं गणित मांडतो. आपल्या स्पर्धेत सोळा संघ होते. बाद फेरीची स्पर्धा, म्हणजे पंधरा सामने. प्रत्येक सामन्यात एक संघ हरला आणि घरी गेला. शेवटी न हरलेला संघ एकच उरला. आता खेळाचा आनंद फक्त जिंकण्यातच असेल, तर आपण तीन दिवस राबून पंधरा संघांना दुःखी केलं आणि एकाला खूश केलं. हा तर मोठाच घाट्याचा धंदा झाला. मग हे पंधरा संघ पुढच्या वर्षी पुन्हा का येतात? वर्गणी काढून, जर्सी शिवून, रजा टाकून का येतात? याचं उत्तर तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, फक्त ते आपण तोंडाने बोलत नाही. आज ते बोलू या.

रॉजर फेडररचं नाव तुम्ही ऐकलं आहे. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात तो बोलला होता. त्याने स्वतःचा हिशोब सांगितला. कारकिर्दीत एकेरीचे १५२६ सामने खेळला, त्यातले जवळजवळ ८० टक्के जिंकला. पण गुण किती जिंकले? फक्त ५४ टक्के. म्हणजे जगातला एक सर्वांत यशस्वी टेनिसपटू आपल्या आयुष्यातला जवळजवळ प्रत्येक दुसरा गुण हरला आहे. प्रत्येक हरलेल्या गुणापाशी तो रडत बसला असता तर पुढचा चेंडू त्याला दिसलाच नसता. हरणं हा खेळात आलेला अपघात नाही. मिठाशिवाय जसं सालन होत नाही, तसा हारेशिवाय खेळ होत नाही.

आपल्यातल्या काहींना वाटतं की खेळ म्हणजे वेळेची बरबादी, दीनदार माणसाने त्यापासून दूर राहावं. त्यांना मी दोन-तीन गोष्टींची आठवण देतो. त्या तुम्ही जुम्म्याच्या बयानात कदाचित कमी ऐकल्या असतील, पण हदीसच्या प्रसिद्ध ग्रंथांत त्या आहेत.

पहिली गोष्ट सहीह बुखारीतली. पैगंबर साहेबांची एक सांडणी होती, तिचं नाव अज्बा. शर्यतीत ती कधी मागे पडत नसे. एक दिवस एक बद्दू आपल्या तरुण उंटावर बसून आला आणि अज्बाच्या पुढे निघून गेला. सहाबांना फार वाईट वाटलं. साहजिकच आहे, आपल्या लाडक्या नेत्याची सांडणी हरली! त्यांचे उतरलेले चेहरे पाहून पैगंबर साहेबांनी जे सांगितलं त्याचा आशय असा : या दुनियेत जे जे वर चढतं त्याला अल्लाह कधी ना कधी खाली आणतोच, हा त्याचा नियम आहे. एवढं सांगून विषय संपला. बद्दूला कुणी दोष दिला नाही, शर्यत पुन्हा घ्या म्हणून कुणी हट्ट धरला नाही. थोडा विचार करा. ज्यांच्या शब्दावर लोक जीव द्यायला तयार होते, त्यांची सांडणी एका अनोळखी खेडुताकडून सर्वांसमोर हरते, आणि त्या खेडुताला भीती वाटत नाही. हरणाऱ्याचं मोठेपण इथे दिसतं.

दुसरी गोष्ट अबू दाऊदच्या संग्रहात आहे आणि ती हजरत आयेशांनी स्वतः सांगितलेली आहे. एका प्रवासात त्या आणि पैगंबर साहेब पायी धावण्याची शर्यत लावतात. आयेशा जिंकतात. काही काळानंतर, त्यांचं अंग थोडं भरल्यावर, पुन्हा शर्यत होते आणि या वेळी पैगंबर साहेब जिंकतात. तेव्हा ते म्हणतात की ही त्या शर्यतीची परतफेड. नवरा-बायकोच्या या थट्टेत जिंकलं कोण आणि हरलं कोण? दोघंही एकेकदा जिंकले, दोघंही एकेकदा हरले, आणि आयेशांना ती आठवण पुढे सांगावीशी वाटली. त्यांना हरल्याचा राग असता तर त्यांनी पहिली शर्यत तेवढी सांगितली असती.

तिसरी गोष्ट ईदची. हबशी लोक मशिदीत ढाल-भाल्यांचे खेळ करत होते आणि आयेशा पैगंबर साहेबांच्या आडून ते पाहत होत्या. त्यांचं मन भरेपर्यंत ते तसेच उभे राहिले. या गोष्टीत तर स्पर्धाच नाही. कुणी जिंकलं नाही, कुणी हरलं नाही. सणाचा दिवस, खेळणारे खेळताहेत, पाहणारे पाहताहेत. निव्वळ आनंद, आणि त्याला जागा मशिदीची.

बहिणींनो, या दोन गोष्टींत एक स्त्री धावते आहे आणि एक स्त्री खेळ पाहते आहे, हे मुद्दाम लक्षात ठेवा. कारण आपल्या मोहल्ल्यांत चित्र वेगळं आहे. मी शाळेत व्यायामाचा तास घेत आलो आहे. पाचवीतल्या मुली मुलांपेक्षा जोरात धावतात. सातवी-आठवीत त्यातल्या निम्म्या मैदानाच्या कडेला दप्तरं सांभाळत बसलेल्या दिसतात. नववीत त्या तिथेही दिसत नाहीत. कुणी त्यांना मारून बसवलेलं नसतं. घरी एखादं वाक्य बोललं जातं, शेजारची एखादी खाला काही तरी पुटपुटते, आणि मुलगी समजून घेते.

अशा वेळी आपण निखत झरीनचं उदाहरण देतो. द्यायलाच हवं. तेलंगणातल्या निजामाबादची मुलगी, लोक तिच्या कपड्यांवर बोलले, वडील तिच्या पाठीशी उभे राहिले, आणि २०२२ व २०२३ अशी लागोपाठ दोन वर्षं ती मुष्टियुद्धात जगज्जेती झाली. पण गोष्ट इथेच थांबवू नका. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये निखत दुसऱ्याच लढतीत चीनच्या वू यूकडून हरली. त्या वू यूने पुढे सुवर्णपदक जिंकलं. आता सांगा, त्या दिवशी निखतच्या वडिलांचा निर्णय चुकीचा ठरला का? टोमणे मारणारे बरोबर ठरले का?

मुलींना खेळू देण्यासाठी आपण पदकांचा दाखला देतो तेव्हा नकळत एक अट घालतो. पदक आणणार असशील तर खेळ. आणि जी मुलगी कधीच पदक आणणार नाही तिचं काय? जिला फक्त संध्याकाळी तासभर मैत्रिणींसोबत खो-खो खेळायचा आहे, घाम गाळायचा आहे, मोठ्याने ओरडायचं आहे, तिचं काय? तिचाही तेवढाच हक्क आहे. पोराला क्रिकेट खेळायला पाठवताना आपण त्याला विचारतो का, की तू सचिन होणार आहेस का? मग मुलीलाच का विचारतो?

आता जरा अवघड विषयाकडे येतो. तुमच्या मनात तो आहे, म्हणून टाळत नाही.

२४ ऑक्टोबर २०२१. दुबई. टी-ट्वेंटी विश्वचषकात भारताने १५१ धावा केल्या आणि पाकिस्तानने एकही गडी न गमावता १५२ केल्या. भारताच्या एकाही गोलंदाजाला बळी मिळाला नाही. सगळेच अपयशी ठरले. पण सोशल मीडियावर शिव्या पडल्या त्या मोहम्मद शमीच्या नावाने, आणि त्या त्याच्या गोलंदाजीला नव्हत्या, धर्माला होत्या. त्या वेळचा कर्णधार विराट कोहली पत्रकारांसमोर बसून शमीच्या बाजूने स्वच्छ बोलला. धर्मावरून कुणावर हल्ला करणं यासारखी हीन गोष्ट नाही, या अर्थाचं तो बोलला, आणि त्याबद्दल त्यालाही खूप ऐकून घ्यावं लागलं. हे आपण विसरता कामा नये.

दोन वर्षांनी, २०२३ च्या विश्वचषकात, शमीने सात सामन्यांत २४ बळी घेतले. स्पर्धेत सर्वांत जास्त. आपल्या वानखेडेवर न्यूझीलंडविरुद्धच्या उपांत्य सामन्यात ५७ धावांत सात. तेव्हा आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर किती फोटो फिरले! ‘बघा, दिलं की नाही उत्तर?’ मला तुमचा आनंद समजतो. मीही टाळ्या वाजवल्या. पण त्या ‘उत्तर’ या शब्दापाशी जरा थांबा. २४ बळी हे उत्तर असेल, तर याचा अर्थ प्रश्न आपण मान्य केला. म्हणजे बळी मिळाले तर तो आपला आणि नाही मिळाले तर संशयित, हा कायदा आपणच कबूल केला. शमीचं या देशाचा असणं हे त्याच्या बळींच्या रकान्यात लिहिलेलं नाही. सात बळी घेणारा शमी जितका भारतीय आहे, तितकाच दुबईत एकही बळी न मिळालेला शमी भारतीय आहे. आणि मोहल्ल्यातला तू, ज्याने कधी लेदर बॉल हातात धरला नाही, तोही तितकाच.

म्हणून म्हणतो, मैदानावर आपण परीक्षा द्यायला जात नाही. मनावर असं ओझं घेऊन कुणाला खेळता येत नाही. ज्याला प्रत्येक चेंडूवर काही तरी सिद्ध करायचं आहे त्याचा खांदा आखडतो. ही शरीराचीच गोष्ट आहे, कुठल्याही प्रशिक्षकाला विचारा. मोकळं मन आणि मोकळा खांदा बरोबरच असतात.

पण आपल्या घरातही जरा डोकावू. ज्या पोराच्या हातून शेवटच्या षटकात झेल सुटतो, त्याचं आपण काय करतो? त्याचं टोपणनाव ठेवतो. त्याचा व्हिडिओ स्टेटसला लावतो. वर्षभर चहाच्या टपरीवर त्याला ऐकवतो. त्याच्या घरच्यांपर्यंत ते पोहोचतं. शमीसाठी आपल्याला वाईट वाटलं ना? मग आपल्या गल्लीत एका हारेपायी एकट्या पोराला धरणारे आपण कोण? धर्माच्या नावाने छळणं अधिक विषारी, हे खरंच. पण हारेचा राग काढायला एक मान शोधायची, ही सवय दोन्हीकडे तीच आहे. दुसऱ्याची सवय आपल्या हातात नाही. आपली आहे.

आता थोडा इतिहास. मुंबईत एक काळ असा होता की क्रिकेटचे संघच धर्मावर होते. युरोपियन, पारशी, हिंदू, मुसलमान, आणि १९३७ पासून उरलेल्यांचा ‘रेस्ट’ असा पाचवा. पंचरंगी सामने म्हणायचे त्याला. १९४० मध्ये गांधीजींनी अशा संघांना विरोध केला आणि १९४६ नंतर ती स्पर्धा बंद पडली. बरं झालं. धर्मावर संघ पाडले की धावफलकावर धर्म हरतो-जिंकतो आणि खेळ बाजूला राहतो. पण त्या स्पर्धेतही माणसं खेळाचा आनंद शोधत होती. १९४३ च्या अंतिम सामन्यात रेस्टकडून आपल्या सांगलीचे विजय हजारे खेळत होते, मराठी ख्रिस्ती घरातले. दुसऱ्या डावात संघाच्या ३८७ धावा झाल्या, त्यातल्या ३०९ एकट्या हजारेंच्या! तरी रेस्टचा संघ डावाने हरला. ऐंशी वर्षं झाली. त्या सामन्याचं नाव निघालं की लोक आधी हजारेंची खेळी सांगतात, आणि निकाल विचारला तरच निकाल सांगतात.

आणि मुश्ताक अली. इंदूरचे. जुलै १९३६, इंग्लंडमधलं मँचेस्टर. भारत पहिल्या डावात २०३ वर बाद. इंग्लंडच्या आठ बाद ५७१. भारत ३६८ धावांनी मागे. जिंकण्याचा प्रश्नच नव्हता. अशा वेळी मुश्ताक अली आणि मुंबईचे विजय मर्चंट सलामीला आले. दिवस संपेपर्यंत दोघांनी बिनबाद १९० केल्या. सलामीची भागी २०३ ची झाली. मुश्ताक अलींनी ११२ केल्या, परदेशातल्या कसोटीत शतक करणारे ते पहिले भारतीय. मर्चंटनी ११४ केल्या. सामना अनिर्णित सुटला, मालिका भारत हरला. मायदेशी धर्माच्या संघात समोरासमोर उभे राहणारे हे दोघे तिथे एकमेकांसाठी धावत होते. ३६८ धावांनी मागे असताना मुश्ताक अली क्रीजच्या बाहेर पावलं टाकत गोलंदाजांना फटके मारत होते. खेळाचा आनंद म्हणजे आणखी काय असतं?

आनंद समोरच्याच्या खेळाचाही असतो. जानेवारी १९९९ मध्ये चेन्नईत भारत पाकिस्तानकडून फक्त १२ धावांनी हरला. सचिनचं पाठदुखी सोसत केलेलं १३६ धावांचं शतक वाया गेलं. स्टेडियम क्षणभर सुन्न झालं, आणि मग चेन्नईचे प्रेक्षक उभे राहिले व त्यांनी पाकिस्तानी संघाला टाळ्या दिल्या. त्या संघाने मैदानाला फेरी मारली. त्या टाळ्यांनी कुणाचं देशप्रेम कमी झालं नाही. अलीकडचं सांगायचं तर पॅरिसमध्ये भालाफेकीत अर्शद नदीमने ९२.९७ मीटर फेकून सुवर्ण घेतलं, आपल्या नीरज चोप्राला ८९.४५ मीटरवर रौप्य मिळालं. हरियाणातल्या नीरजच्या आईने सांगितलं की ज्याला सोनं मिळालं तोही आमचाच मुलगा आहे. तिकडे अर्शदच्या आईनेही नीरजसाठी दुआ केल्याचं सांगितलं. मोठमोठ्या विद्वानांना जे जमत नाही ते या दोन खेड्यांतल्या मायांनी दोन वाक्यांत करून टाकलं.

आपल्या मातीत हे नवीन नाही. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा. शब्द एकच. आणि तालमीतला वस्ताद म्हणजे आपला उस्तादच. कोल्हापुरात जा. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान आहे. त्याच महाराजांनी १९०६ मध्ये मुसलमान मुलांसाठी बोर्डिंग काढलं. तिथल्या तालमींमध्ये मोहरमचे पंजेही बसतात. कुस्ती सुरू होताना दोन्ही पैलवान लाल माती हातात घेऊन सलामी देतात, मग झुंजतात. एक चितपट होतो. तो उठतो, अंगावरची माती झटकतो, जिंकणाऱ्याला मिठी मारतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा जोर मारायला हजर असतो. पाठीला माती लागणं ही त्याच्यासाठी बदनामी नसते. ज्याच्या पाठीला कधीच माती लागली नाही तो आखाड्यात उतरलाच नसणार.

आता चार कामाच्या गोष्टी सांगतो, नाहीतर भाषण टाळ्यांपुरतं राहील.

एक. पुढच्या वर्षी संघ चिठ्ठ्या टाकून करा. मोहल्ला, जमात, धर्म, जात, काही नको. शेजारच्या वस्तीतला गणेश आणि आपला इरफान एका संघात आले पाहिजेत. एकमेकांसाठी धावलेली पोरं अफवेच्या रात्री एकमेकांना फोन करतात.

दोन. रोख बक्षिसाची रक्कम कमी करा. पन्नास हजारांचं बक्षीस लावलं की बाहेरून खेळाडू भाड्याने येतात आणि गल्लीतला पोरगा पाणी आणायला उरतो. त्या पैशात मॅट घ्या, नेट बांधा, मुलींसाठी चांगले बूट घ्या. मैदानाच्या वेळापत्रकात मुलींचा तास पक्का लिहा आणि त्या तासाला मुलांनी मैदान रिकामं करायचं.

तीन. मोबाइलवर पैसे लावून सामना पाहू नका. जुगार आपल्याकडे हराम आहे, हे मी सांगायला नको. पण त्याचं आणखी एक नुकसान आहे. ज्याने पैसे लावले तो खेळ पाहतच नाही. चेंडू किती सुंदर वळला हे त्याला दिसत नाही, त्याला फक्त भाव दिसतो. पैसा जातोच, त्याच्या आधी आनंद जातो.

चार. पाहणं कमी करा, खेळणं वाढवा. आपल्याकडे तिशी ओलांडली की माणूस फक्त मत देतो : याने असं खेळायला हवं होतं, त्याने तसं. उठा, मैदानात या. अम्मी-अब्बूंनाही आणा. असरनंतर मगरिबपर्यंतचा वेळ अल्लाहने जणू खेळण्यासाठीच दिलेला आहे. थोडे धावा. दम लागेल, लागू द्या.

जिंकलेल्या संघाला मनापासून मुबारक. करंडक घरी न्या, आईला दाखवा. पण एक लक्षात ठेवा, समोरचा संघ आला म्हणून तुम्ही जिंकलात. तो आला नसता तर तुम्हाला हा करंडक बाजारातून विकत आणावा लागला असता. म्हणून बक्षीस घेण्याआधी त्यांच्याशी हात मिळवा.

आणि हरलेल्या पंधरा संघांनो, तुमच्यासाठी करंडक नाही, पण मैदान तुमचंच आहे. रविवारी असरनंतर नेट लागेल. बॅट माझ्याकडे आहे, चेंडू तुम्ही आणा. ज्याच्या हातून झेल सुटला त्याला सर्वांत आधी बोलवा.